काकांच्या ३८६चं घड्याळ: गळकी बॅटरी, सहा बीप आणि दहा आठवडे

१४ जून २०२५, शनिवार

सांगलीहून काकांचं मशीन, म्हणजे त्यांचा जुना ३८६ कॉम्प्युटर, पुण्याला आणलं. काकूनं माळा रिकामा करायला काढला होता. "नेतोस तर ने, उद्या भंगारवाला येतोय," म्हणाली. गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून बेल्ट लावला.

काकांनी १९९३ साली सांगलीतच जुळवून घेतलेलं मशीन. एएमडीचा ३८६डीएक्स-४० प्रोसेसर, ४ एमबी रॅम, सीगेटची १३० एमबी डिस्क, एएमआयचा बायॉस (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा, बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्रॅम). काका हळदीच्या अडत दुकानांची खाती घरी बसून लिहायचे, ती यावर. २०१९च्या पुरात खालच्या खोलीत छातीएवढं पाणी होतं, पण तोवर हे माळ्यावर गेलेलं होतं.

आज फक्त झाकण उघडलं. कीबोर्डच्या गोल सॉकेटला खेटून निळ्या वेष्टनातली, बोटाच्या पेराएवढी, पिंपाच्या आकाराची बॅटरी, मशीन बंद असताना घड्याळ आणि सेटिंग जपणारी. ३.६ व्होल्ट, ६० एमएएच, निकेल-कॅडमियम. दोन्ही टोकांना पापडखारासारखा पांढरा थर, आणि तिथून खाली तीनेक इंचांपर्यंत बोर्डावर कळंक. देव्हाऱ्यातल्या न घासलेल्या पितळी निरांजनाला चढतो तसा. हिरव्या बोर्डावर तो हिरवा पटकन दिसत नाही. टॉर्च तिरपा धरला तेव्हा कळलं किती दूर गेलाय ते.

मशीन चालू केलं नाही. एवढं एकच आज बरोबर केलं.

१५ जून, रविवार

बॅटरी काढली. सोल्डरचे डाग वितळवत बसलो नाही, दोन्ही पाय कटरनं कापले. हातमोजे आणि चष्मा घालूनच. आतलं द्रव्य पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, ते कातडी खातं. कॅडमियमही विषारी, त्यामुळे बॅटरी कचऱ्यात टाकली नाही. काचेच्या बरणीत ठेवलीय, ई-कचरा घेणाऱ्यांकडे देईन.

पहिली चूक: खाण्याचा सोडा. "बॅटरी गळली की सोडा लावायचा" हे डोक्यात इन्व्हर्टरच्या बॅटरीमुळे बसलेलं. तिच्यात आम्ल असतं. ही बॅटरी अल्कलीची. अल्कलीवर सोडा चोळून अर्धा तास घालवला, फेसाचा एक बुडबुडा नाही. मग ट्यूब पेटली. पांढरं व्हिनेगर कापसाच्या काडीनं लावलं आणि लगेच फसफसलं. तीन वेळा लावलं, पुसलं. शेवटी ढोकळ्यासाठी आणलेलं चमचाभर लिंबूफूल कपभर पाण्यात विरघळवून त्याचा एक हात दिला.

मग इन्व्हर्टरमध्ये घालतात त्या पाण्यानं बोर्ड दोनदा धुतला. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार मागे राहतात. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. टेबल फॅनसमोर उभा करून ठेवलाय. बाहेर पाऊस, हवा ओली. दोन दिवस तरी वाळू देणार.

२१ जून, शनिवार

पालख्या शहरात आहेत, बुधवार पेठेत पाऊल ठेवायला जागा नसणार. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली रद्द. घरात आहे त्यावर भागवायचं ठरवलं आणि तिथंच माती खाल्ली.

कापलेल्या बॅटरीच्या पायांचे तुकडे भोकांतून काढायचे होते. पॉझिटिव्हचा तुकडा २५ वॉटच्या आयर्ननं दहा सेकंदांत निघाला. निगेटिव्हचा हलेना. तो पाय बोर्डाच्या आतल्या ग्राउंडच्या अख्ख्या थराला जोडलेला असतो, सगळी उष्णता तो पिऊन टाकतो. मिनिटभर आयर्न दाबून धरलं, पक्कडीनं ओढलं. तुकडा आला, सोबत भोकाच्या आतली तांब्याची नळी आणि वरची गोल चकतीही आली.

इतरांसाठी: ग्राउंडच्या पायाला ६० वॉटचं आयर्न, जाड टोक, आणि आधी वर थोडं ताजं सोल्डर. जुनं सोल्डर बॅटरीच्या खारानं राखाडी होतं, लवकर वितळत नाही. नवं मिसळलं की धरतं. आणि ओढायचं नाही. निघायचं असेल तर आपणहून निघतं.

२२ जून, रविवार

काही केलं नाही. बोर्डाकडे बघवत नव्हतं.

२८ जून, शनिवार

तपकीर गल्लीतून ६० वॉटचं आयर्न, सोल्डर विक (वितळलेलं सोल्डर शोषून घेणारी जाळीदार पट्टी), आणि ३० गेजची पातळ इन्सुलेटेड तार आणली.

पॉवर सप्लाय आधी एकटा तपासला. जुने एटी सप्लाय भाराशिवाय नीट चालत नाहीत, म्हणून एक मोडीत काढलेली हार्ड डिस्क जोडून बघितलं: ५.०२ आणि ११.८ व्होल्ट. ठीक. मग बोर्डाला जोडला. या सप्लायला दोन वेगळे कनेक्टर असतात आणि ते उलटेही बसतात. उलटे बसले की बोर्ड संपला. खूण एकच: दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध, काळीला काळी लागून.

चालू केलं. स्क्रीन काळी, सहा बीप.

एएमआयच्या बायॉसमध्ये सहा बीप म्हणजे ८०४२ची तक्रार. ८०४२ म्हणजे कीबोर्डची चिप, चाळीस पायांची, आणि ती बसलीय बॅटरीपासून दोन बोटांवर. म्हणजे कळंक तिथवर पोचलाय. मी वरवर साफ केलं, सॉकेटच्या खाली बघितलंच नाही.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

सकाळी नऊला बसलो, संध्याकाळी सहाला उठलो. मध्ये साबुदाण्याची खिचडी टेबलावरच. तूपकट बोटांनी बोर्डाला हात लावू नका, एवढंही सांगायला लागलं घरच्यांना.

चिप स्क्रूड्रायव्हरनं दोन्ही बाजूंनी थोडी थोडी उचलत काढली. सॉकेटच्या एका रांगेतले सात-आठ स्प्रिंग काळे पडलेले. दोन तर काडी लावताच चुरले. सॉकेट बदलायलाच हवं. एकेक पाय कापून काढला, मगच भोकं मोकळी केली. गेल्या वेळची अद्दल होती, नळी एकही निघाली नाही.

सॉकेटखालचं दृश्य असं: चार तारा (बोर्डावरच्या बारीक तांब्याच्या रेषा, आम्ही त्यांना तारा म्हणतो) वरच्या हिरव्या लेपाखालून काळ्या झालेल्या. वरून अखंड दिसतात. मल्टिमीटर बजरवर लावला (रेषा अखंड असेल तर वाजतो) तर दोन गप्प. ब्लेडनं लेप खरवडला तर आत तांबं नाही, काळी पूड. वाळवीनं चौकट खाल्ली की वरचा रंग तसाच राहतो ना, अगदी तसं.

जिथं तांबं चमकत होतं तिथपर्यंत दोन्हीकडून खरवडलं, पॉलिश पेपरचा हलका हात मारला, त्यावर सोल्डरची कल्हई केली आणि मधला तुकडा ३० गेजच्या तारेनं जोडला. कल्हई झालीच पाहिजे. उघडं तांबं पावसाळ्यात पुन्हा काळं पडतं.

कीबोर्डच्या गोल सॉकेटचीही तपासणी केली. पाच पिना: १ क्लॉक, २ डेटा, ४ ग्राउंड, ५ वर पाच व्होल्ट. पिन १पासून चिपपर्यंत बजर वाजेना. आणखी एक तार. एकूण तीन जोडण्या. नवं सॉकेट पंधरा रुपयांचं, लावायला दोन तास.

चालू करायची हिंमत उद्यावर ढकलली.

७ जुलै, सोमवार, रात्री

एक बीप. चित्र आलं. मेमरी मोजली, ४०९६ केबीला थांबली. मग: "सीमॉस बॅटरी स्टेट लो", "सीमॉस चेकसम फेल्युअर", "एफ वन दाबा". सीमॉस म्हणजे घड्याळाच्या चिपमधली सेटिंगची मेमरी, चेकसम म्हणजे तिच्यातल्या आकड्यांची पडताळणी. एफ वन दाबला, दाबला गेला. कीबोर्ड चालतोय.

१३ जुलै, रविवार

डिस्क. बॅटरी मेली की बायॉसला डिस्कचा आकार आठवत नाही, आणि या काळातल्या मशीनला तो आपणहून विचारता येत नाही. टाइप ४७ निवडून सिलिंडर, हेड, सेक्टर ही डिस्कची मापं स्वतः भरायची. माझ्याकडे आकडे नव्हते. डिस्कचा पिंजरा सोडवला, आठ स्क्रू, त्यातला एक गंजलेला, त्याचं डोकं घासून गोल झालं. दीड तास. डिस्कच्या लेबलवरून मॉडेल कळलं, मॉडेलवरून आकडे: १००१ सिलिंडर, १५ हेड, १७ सेक्टर. गुणाकार २,५५,२५५ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट, म्हणजे १३० एमबी. भरले, आणि डॉस (त्या काळची ऑपरेटिंग सिस्टम) उठला. 'सी' ड्राइव्ह शाबूत.

काकूला फोन केला. ती म्हणाली, "आकडे ना? ते झाकणाच्या आत चिकटवलेत की. रोज सकाळी मशीन लावलं की आधी ते आकडे भरायचे, मग चहा. मी म्हणायचे, जप करताय का काय."

झाकण सोफ्यामागे उभं होतं, महिनाभर. उलटं केलं. आतल्या बाजूला कॅलेंडरच्या पानाचा कापलेला तुकडा, सेलोटेप पिवळी पडलेली, त्यावर काकांच्या अक्षरात निळ्या बॉलपेननं: *४७ / १००१ / १५ / १७*, आणि खाली अधोरेखित *तारीख घालणे*. हिशेबाच्या वहीत काढायचे तसे आकडे, सातची मान लांब.

दीड तास आणि एक स्क्रू वाया. झाकण आधी आतून बघा.

१९ जुलै, शनिवार

सगळ्या फाइल्स फ्लॉपीवर उतरवून घेतल्या. आता मूळ काम, घड्याळाची बॅटरी.

तशीच निकेल-कॅडमियम परत लावायची नाही हे पक्कं होतं. ती पुन्हा गळणार. ठरवलं सीआर२०३२, ती सगळीकडे मिळते. होल्डर बोर्डावर न बसवता दोन तारांवर बाहेर काढला. निगेटिव्हचं भोक मी उद्ध्वस्त केलं होतं, म्हणून ती तार जवळच्या ग्राउंडला जोडली.

आणि डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग, घालायला विसरलो. विसरलो म्हणजे, माहीत होतं, "आधी चालतंय का बघू, मग घालू" असं झालं. जुनी बॅटरी चार्ज होणारी होती. मशीन चालू असताना बोर्ड तिच्याकडे करंट ढकलत असतो. सीआर२०३२ लिथियमची, ती चार्ज करायची नसते. फुगते, फुटूही शकते. चाळीस मिनिटांनी होल्डरला हात लागला तर कोमट. तडक बंद केलं. सेलची वरची बाजू किंचित फुगीर झाली होती, सपाट टेबलावर डुलत होता. तो गॅलरीत कुंडीतल्या वाळूत नेऊन ठेवला.

२० जुलै, रविवार

नवा सेल, सोबत १एन४१४८ डायोड, पट्टी सेलच्या विरुद्ध बाजूला. आता करंट फक्त सेलकडून बोर्डाकडे जाईल. रात्री बंद केलं, सकाळी सेटिंग जागेवर. खूश.

२३ जुलै, बुधवार

खुशी गेली. तीन दिवसांत दोनदा "चेकसम फेल्युअर". मशीन बंद असताना घड्याळाच्या चिपच्या पुरवठ्याच्या पायावर मोजलं: २.२ व्होल्ट. बोर्डावर बॅटरीपासून चिपपर्यंत आधीच एक डायोड आहे, त्यात माझा दुसरा. दोघांनी मिळून सेलच्या तीन व्होल्टातले जवळजवळ ०.८ व्होल्ट खाल्ले. मूळ बॅटरी ३.६ची होती, तिला एक डायोड परवडत होता.

२ ऑगस्ट, शनिवार

कमी व्होल्ट खाणारा शॉटकी डायोड घालावा म्हणून पुन्हा तपकीर गल्ली. बीएटी८५ मागितला, चार दुकानं फिरलो, मिळाला नाही. १एन५८१७ मिळाला. लावला, चिपवर २.५ व्होल्ट आले. पण हा डायोड उलट्या दिशेनं थोडा गळतो हे ऐकून होतो. सेलच्या तारेत एक किलोओहमचा रेझिस्टर घातला आणि मशीन चालू असताना त्यावरचा दाब मोजला: ११ मिलिव्होल्ट. म्हणजे ११ मायक्रोअँपिअर सेलमध्ये उलटे शिरतायत. आकडा छोटा आहे, पण एक फुगलेला सेल बघितल्यावर मला नको होता. काढला.

डोकं धरून बसलो असताना बॅटरीच्या जागेशेजारच्या चार पिनांकडे लक्ष गेलं. चारातली एक मुळातच नाही. बाहेरची बॅटरी जोडायची सोय! या जागेवर चार्जिंग येत नाही ना, हे बघायला मशीन चालू करून पिन १ आणि ४ मध्ये मोजलं: शून्य. कळंकानं तिचीही तार खाल्ली असेल म्हणून शून्य, की खरंच शून्य? बजर लावला. खाल्लेलीच होती. एक तार टाकली, पुन्हा मोजलं: तरीही शून्य. म्हणजे तिथं बोर्डाचा स्वतःचा वेगळा डायोड आहे आणि चार्जिंग तिथवर येत नाही. हे सगळ्या बोर्डांवर असंच असतं असं धरू नका. मोजा.

एए आकाराचे तीन अल्कलाइन सेल, होल्डर, दोन तारा, त्या पिनांवर. नवे सेल मिळून ४.८ व्होल्ट, चिपवर ४.४. होल्डर पॉवर सप्लायच्या कुशीत, बोर्डापासून वीतभर लांब, दुहेरी टेपनं चिकटवला. उद्या हेही गळतील, गळोत. खाली पत्रा आहे.

या पिना पहिल्या दिवशी बघितल्या असत्या तर दोन आठवडे वाचले असते.

९ ऑगस्ट, शनिवार

सेटिंग आठवडाभर टिकलं. पण घड्याळ सरकलेलंच नाही. गेल्या शनिवारी रात्री ११:४२ला वेळ घालून लगेच बंद केलं होतं, आज चालू केलं तर ११:४२.

हे दोन वेगळे आजार आहेत हे कळायला मला वेळ लागला. चिपमध्ये ६४ बाइट असतात. त्यातले १४ घड्याळाचे, बाकी ५० मध्ये बायॉसची सेटिंग. बॅटरी नसेल तर दोन्ही जातं. सेटिंग राहतं आणि वेळ थांबते म्हणजे वीज पोचतेय, पण क्रिस्टल थरथरत नाही. मशीन चालू असतानाची वेळ डॉस स्वतः वेगळी मोजतो, म्हणून इतके दिवस लक्षातच आलं नाही.

क्रिस्टल म्हणजे तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी चंदेरी नळी, ३२.७६८ किलोहर्ट्झची. तिचा एक पाय मुळाशी हिरवा होता. चिमट्यानं धरला, तुटला.

१० ऑगस्ट, रविवार

दुकानं बंद. स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ दिवाळीपासून बंद पडलेलं, काटे अडकलेले. क्वार्ट्झच्या बहुतेक घड्याळांत हाच क्रिस्टल असतो: ३२,७६८ ठोके म्हणजे बरोबर २चा पंधरावा घात, पंधरा वेळा निम्मं केलं की सेकंदाला एक. मागची काळी डबी उघडली, काढला, लावला. त्याच्या आसपासची जागा अल्कोहोलनं पुन्हा पुन्हा पुसली. तिथं फ्लक्सचा ओलसर थर राहिला तरी तो अडतो.

पहिल्या झटक्यात चालू. बायको म्हणाली, "घड्याळ दुरुस्त करतो म्हणून नेलंस, आणि त्याचंच काळीज काढलंस."

१५ ऑगस्ट, शुक्रवार

'डेट' कमांडनं तारीख घातली, ती बंद करून उघडल्यावरही २०२५च राहिली. १९९२च्या बायॉसकडून मला ही अपेक्षा नव्हती. चिप वर्षाचे दोनच अंक मोजते, शतक वेगळं लिहून ठेवावं लागतं. जुन्या काही बोर्डांवर ते जमत नाही, इथं जमलं.

मग काकांच्या फाइल्स तारखेनं लावून बघितल्या. १९९३पासून ओळीनं, २२ सप्टेंबर १९९७पर्यंत. त्यानंतरच्या पुष्कळ फाइल्सवर एकच तारीख: १ जानेवारी १९८०. डॉसला कुठलीच तारीख मिळाली नाही की तो तिथं जातो. त्या दिवशीच्या वेळाही सगळ्या १२:०५, १२:११, १२:३० अशा, म्हणजे सुरू केल्यावर तेवढ्या मिनिटांनी सेव्ह केलेल्या. आणि मधून मधून, आठवड्यातून एखादी, बरोबर तारखेची. त्या दिवशी काकांनी तारीख घालायचं लक्षात ठेवलेलं.

झाकणातला तुकडा उलटा धरून उजेडात बघितला. मागे 'सप्टेंबर १९९७'.

२४ ऑगस्ट, रविवार

नऊ दिवस मुद्दाम बंद ठेवलं होतं. आज मोबाइलशी ताडून बघितलं, २७ सेकंद पुढे. दिवसाला तीन सेकंद. भिंतीवरच्या घड्याळाचा क्रिस्टल या बोर्डासाठी मोजूनमापून केलेला नाही, तेव्हा चालायचंच.

खर्च: आयर्न ४५०, अल्कोहोल २६०, सेल १५०, सीआर२०३२ दोन आणि होल्डर १३०, तार १२०, व्हिनेगर-लिंबूफूल ९०, विक ८०, बॅटरीचं पाणी ४०, एए होल्डर ३५, डायोड २०, सॉकेट १५, कनेक्टर १०. एकूण १४०० रुपये. त्यातले डायोड आणि सीआर२०३२चे दीडशे निव्वळ शिकवणी.

काकूला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. एक बीप, मेमरी मोजली, सरळ 'सी' ड्राइव्ह. ती बघत राहिली आणि म्हणाली, "आकडे विचारले नाहीत?" मी नाही म्हटलं. "आणि तो कागद? काढलास का?"

नाही काढला. वर नवी सेलोटेप लावलीय.

एएच्या होल्डरवर मार्करनं 'ऑगस्ट २५' लिहिलं, दोन वर्षांनी काही झालं नसलं तरी सेल बदलायचे. साडेतीन इंची फ्लॉपी ड्राइव्ह अजून एकाआड एक डिस्क नाकारतोय, ते नंतर बघू. परवा टेबल रिकामं करायचंय, बुधवारी गणपती बसतात.